केस आपले, हुकूम कोणाचा?

पुरुषाने केस वाढवले की मराठी समाज अस्वस्थ होतो, असे आपण नेहमी ऐकतो. ‘बायकांसारखे केस काय ठेवलेस’, ‘मवाली दिसतोस’ ही वाक्ये लालबागच्या चाळीत, दादरच्या शाळेत आणि गिरगावच्या वाडीत सारख्याच सुरात बोलली जातात. त्यावरून असा निष्कर्ष काढला जातो की आपला समाज जुन्या वळणाचा आहे, त्याला पुरुषाचे लांब केस चालत नाहीत, शिक्षण वाढले की हे आपोआप सुधारेल. हा निष्कर्ष मला मान्य नाही. लांब केसांच्या पुरुषापुढे हा समाज पिढ्यान् पिढ्या हात जोडत आला आहे. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थात जटाधारी साधूंच्या स्नानासाठी शासन रस्ते बांधते, बंदोबस्त ठेवते. ज्ञानेश्वरांच्या तसबिरीतले खांद्यावर रुळणारे केस घराघरांत पूजले जातात. शंकराच्या जटांबद्दल तर कोणाची तक्रार नाही. तेव्हा अडचण केसांच्या लांबीची नाही. ते केस कोणाच्या डोक्यावर आहेत आणि कोणाच्या परवानगीने वाढले आहेत, हा खरा प्रश्न आहे. या देशात तो प्रश्न जातीचा आहे.

पोतराजाचे उदाहरण घेऊ. लालबाग-परळच्या रस्त्यांवर तो अजूनही दिसतो. कमरेला खणांचा घागरा, पायांत घुंगरू, कपाळावर हळद-कुंकवाचा मळवट, हातात कोरडा, आणि पाठीवर सोडलेले किंवा अंबाड्यात बांधलेले लांब केस. बरोबर बाई असते, तिच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा आणि गळ्यात ढोलके. तो स्वतःच्या अंगावर कोरडे ओढतो आणि लोक चार नाणी टाकतात. हा माणूस कोण? बहुतेक वेळा मातंग, पूर्वी पुष्कळदा महारसुद्धा. नवसाने देवीला वाहिलेला. त्याचे केस कापायचे नाहीत, कापले तर देवी कोपेल, गावावर पटकी येईल, असे गावाने ठरवले. गावाच्या आरोग्याची जबाबदारी ज्याला गावात घर नाही त्याच्या डोक्यावर टाकण्याची ही युक्ती आहे. साधूच्या जटेला वैराग्य म्हणायचे आणि पोतराजाच्या केसांना भीक घालायची! केस तेच, तेल नसलेले, फणी न लागलेले. पण एका डोक्याच्या पाया पडायचे आणि दुसऱ्या डोक्यापासून अंग चोरून चालायचे. पार्थ पोळके यांचे ‘आभरान’ हे आत्मकथन अशा पोतराजाच्या घरातून आले आहे. जटांचे गूढ वाटणाऱ्यांनी ते वाचावे.

स्त्रीवेषाचीही गोष्ट तीच. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नऊवारी नेसली, तेव्हा पांढरपेशा घरांतल्या बायकांनी त्यांच्या नेसण्याची नक्कल केली, आणि १९६४ मध्ये शासनाने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांच्या कलेबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु रस्त्यावरचा घागरा घातलेला पोतराज आणि तमाशातला नाच्या यांच्याकडे त्याच प्रेक्षकांनी कसे पाहिले, हे विचारल्याशिवाय तो आदर पुरा होत नाही. ‘बायकांसारखे केस’ ही शिवी होते, कारण बाईसारखे असणे हीच या समाजाच्या लेखी खालची पायरी आहे. कलावंताला त्या पायरीवर उतरून परत वर येता येते. पोतराजाला तिथेच ठेवलेले असते.

आता दुसरी बाजू पाहू. देवीला वाहिलेल्याने केस कापायचे नाहीत. आणि ज्याला कापायचे आहेत त्याचे कापायला कोणी नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत साताऱ्याची हकीकत लिहिली आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, घरात पैसे नव्हते असेही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता. म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापत असे, आणि कापता कापता ती त्यात तरबेज झाली. पुढे राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाचे केस बहिणीला कापावे लागले, ही हकीकत आपण भावनेने सांगतो. तिचा अर्थ मात्र आपण पुरता लक्षात घेत नाही. अस्पृश्याचे वाढलेले केस हे त्याच्या घाणेरडेपणाचे लक्षण म्हणून दाखवले गेले. ते कापायची सोय मात्र त्याच्यापासून काढून घेतली होती. आधी केस वाढायला भाग पाडायचे आणि मग वाढलेल्या केसांवरून माणसाची लायकी ठरवायची!

यात न्हाव्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होता येणार नाही. तोही बलुतेदार, तोही हुकमाचा ताबेदार. महाराचे केस कापले तर सवर्णांची घरे तुटत, वर्षाचे धान्य बंद होई. उच्चवर्णीय विधवेचे केवपन करायचे, तेही त्याच्याच हाताने. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. वस्तरा धरणारे हात प्रथमच हुकमाविरुद्ध उभे राहिले. विधवेने केस ठेवायचे नाहीत, पोतराजाने काढायचे नाहीत, अस्पृश्याने कापायला न्हावी मागायचा नाही, आणि न्हाव्याने यातले काही विचारायचे नाही. हे चारही हुकूम एकाच व्यवस्थेचे आहेत. चौघांनाही स्वतःच्या शरीरावर हक्क नाही, एवढेच त्यांचे सूत्र आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे मुंबईचे महत्त्व कळते. सातारा, सांगली, रत्नागिरीहून माणसे गिरणीत आली आणि इथे पैसे दिले की सलूनची खुर्ची मिळू लागली. शहराची ही देणगी नाकारण्याचे कारण नाही. पण तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत, आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. मुंबईने आपल्याला खुर्ची दिली, साचा दिला नाही. तरीही त्या खुर्चीत बसून भांग पाडलेला माणूस चाळीत परतला तेव्हा तो गावातला माणूस राहिला नव्हता. नीट कापलेले केस, स्वच्छ सदरा, बाबासाहेबांच्या छायाचित्रासारखा मागे वळवलेला भांग, ही आपल्या आजोबांच्या पिढीची फॅशन नव्हती. तो त्यांचा नकार होता.

चळवळीने हा नकार जाणीवपूर्वक शिकवला. मे १९३६ च्या अखेरीस नायगावात महार परिषद भरली आणि ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. तिथेच महार साधूंनीही परिषद घेऊन धर्मांतराला पाठिंबा दिला आणि आपली जुनी धर्मचिन्हे टाकून दिली. पुढच्याच महिन्यात परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्ये, देवदासी, जोगतिणी, आराधी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले. लाजिरवाण्या जिण्यातून बाहेर पडा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्त्यांमधून पोतराजाचा कोरडा खाली पडला. देवीला वाहिलेले केस कात्रीखाली आले आणि देवी कोपली नाही. आजही जट म्हणजे देवीचे बोलावणे नसून न धुतलेल्या केसांचा गुंता आहे, हे सांगत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जट कापतात. हे काम त्याच परंपरेतले आहे.

मग १९७० च्या आसपास वारा बदलला. जगभर तरुणांनी केस वाढवले. सिंगापूरच्या सरकारने तर लांब केसांच्या पुरुषांचे काम सरकारी कचेऱ्यांत सर्वांत शेवटी होईल अशा पाट्या लावल्या. अमेरिकेत काळ्या तरुणांनी आपले कुरळे केस गोऱ्यांसारखे सरळ करण्याचे सोडून जसे उगवतात तसे वाढवले. ज्या केसांची लाज शिकवली गेली तेच त्यांनी मिरवले. त्यांच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या काळची छायाचित्रे पाहिली तर कानांवर आलेले केस, लांब कल्ले, दाढ्या दिसतात. त्या काळच्या सगळ्याच तरुणांचे ते रूप होते. पण त्याचे वाचन मात्र पत्त्याप्रमाणे झाले. काळा घोड्याच्या हॉटेलात बसणारे अरुण कोलटकर यांचे लांब केस कवीचे केस ठरले, आणि ते होतेच. बी. डी. डी. चाळीतल्या पोराचे तसेच केस गुंडाचे केस ठरले. एखाद्याला गुंड म्हणून ठेवले की त्याला मारणे सोपे होते. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली, परळच्या मोर्च्यावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव ठार झाले. त्या दगडाला केसांचे कारण नव्हते हे मला माहीत आहे. माणसाला आधी त्याच्या अवतारावरून बाद करायचे आणि मग त्याचे म्हणणे ऐकायचे नाही, ही रीत मात्र तीच होती.

ती रीत गेली नाही. २००६ मध्ये लाहोरला महेंद्रसिंग धोनीला पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी केस कापू नकोस असे जाहीरपणे सांगितले आणि देशभर पोरांनी तसे केस वाढवले. २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावी दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मार खावा लागल्याच्या तक्रारी झाल्या. मी ज्या वर्गांना शिकवतो तिथे मानेखाली केस गेलेली मुले असतात. सोसायटीत राहणाऱ्या मुलाला विचारले जाते, ‘कुठल्या बँडमध्ये वाजवतोस?’ डिलाईल रोडच्या चाळीतल्या मुलाला विचारले जाते, ‘कुठल्या टोळीत आहेस?’ एका महाविद्यालयात अशा मुलाला तोंडी परीक्षेला बसण्याआधी केस कापून यायला सांगितले गेले. त्याच दिवशी तसेच केस असलेला दुसरा मुलगा बसला. विचारले तर उत्तर मिळाले, शिस्तीचा प्रश्न आहे. शिस्त सर्वांना सारखी असती तर तिच्याशी वाद घालता आला असता. ही शिस्त चेहरा आणि आडनाव पाहून लागते. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये शाळेत आणि नोकरीत केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्याला कायद्याने बंदी झाली, ती काळ्यांनी अशाच शिस्तीचा मुखवटा फाडला म्हणून.

पण फक्त सवर्णांकडे बोट दाखवून हा लेख संपवणे सोयीचे होईल. आपल्या वस्तीतही हा पोरगा सुटत नाही. विहारासमोर बसलेले वडीलधारे त्याला म्हणतात, ‘पोतराजावाणी काय अवतार केलास?’ या वाक्यात एक जुनी जखम आहे आणि तिचा मी मान राखतो. ज्यांनी वाढलेल्या केसांत गुलामी पाहिली त्यांना नातवाच्या केसांत ती दिसणार. बाबासाहेबांच्या बहिणीच्या हातातली कात्री ते विसरलेले नाहीत. पण आजोबांची लढाई आखूड केसांसाठी नव्हती, स्वतःच्या डोक्यावर स्वतःची सत्ता असावी यासाठी होती. ती सत्ता मिळाल्यावर नातवाने तिचा वेगळा वापर केला तर तो आजोबांशी द्रोह होत नाही. पोतराजाचे केस आणि या पोराचे केस दिसायला सारखे असतील; एकाला कापायची मुभा नव्हती, दुसऱ्याला आहे, हा फरक लांबीने मोजता येत नाही. आपणही ‘भीमाच्या लेकराने असेच दिसावे’ असा फतवा काढू लागलो, तर गावाने देवीच्या नावाने केले तेच आपण चळवळीच्या नावाने करू.

आणि त्या पोरालाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केस वाढवणे म्हणजे विद्रोह नव्हे. जाहिरातीत पाहून वाढवलेले केस जाहिरात बदलली की कापले जातात. त्यात बाजाराची आज्ञा पाळलेली असते इतकेच. ज्याला आपल्या केसांचा हक्क हवा आहे त्याने मरीआईच्या देव्हाऱ्यामागून अनवाणी चालणाऱ्या पोराच्या केसांचाही विचार केला पाहिजे. सेवा नाकारणे हा १९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्याने गुन्हा आहे. तरी न्हाव्याने दलिताला परत पाठवल्याच्या बातम्या देशातल्या काही गावांतून येत राहतात. त्या बातम्या त्याने वाचल्या पाहिजेत.

शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना यातून करण्यासारखे थोडे पण नेमके आहे. महाविद्यालयाच्या नियमांत केसांविषयी काही लिहिले असेल तर ते काढायला लावा, आणि लिहिलेले नसताना कोणी अडवले तर लेखी कारण मागा. रस्त्यावर पोतराजाबरोबर शाळेच्या वयाचे पोर दिसले तर नाणे टाकून पुढे जाऊ नका. त्याचे नाव विचारा, वस्ती विचारा, जवळच्या शाळेत त्याचे नाव घालण्याच्या मागे लागा. त्याचे केस कापायचे की ठेवायचे, हे तो शिकून मोठा झाल्यावर ठरवील. आज ते ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि तो मिळवून देणे हे आपले काम आहे.