टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खरोखर वाईट असू शकतो का?

नाटकाचा अभ्यास करताना आपण संहिता आणि प्रयोग यांत फरक करतो. सुमार संहितेचा प्रयोग गुणी नटांमुळे रंगू शकतो आणि चांगल्या संहितेचा प्रयोग पडूही शकतो. या पाठात हाच फरक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम या प्रकाराला लावून पाहू.

खेळाचे स्वरूप

या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते तोंडी सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेव्हा फासे टाकले जातात. गेरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. येथे नियमपुस्तक ही संहिता आणि टेबलावरचा खेळ हा प्रयोग.

‘कोणताही खेळ वाईट नसतो’ हा पक्ष

अनेक खेळाडू म्हणतात की वाईट खेळ नसतोच, वाईट गट असतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९७४च्या तीन पुस्तिकांतील नियम तुटक होते. वाचकाकडे ‘चेनमेल’ हा आधीचा युद्धखेळ असेल असे त्यांत गृहीत धरले होते. तरीही लोकांनी मधल्या जागा स्वतः भरल्या आणि खेळ पसरला. केन सेंट अँड्रे यांना ते नियम गोंधळाचे वाटले, म्हणून त्यांनी सोपा खेळ लिहिला; तो ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ १९७५ साली आला. सदोष संहितेतून रंगलेले प्रयोग आणि एक नवी संहिताही निघाली. मग संहितेला वाईट का म्हणावे?

या युक्तिवादात एक चूक आहे. खेळाडूंनी केलेल्या दुरुस्तीचे श्रेय येथे पुस्तकाच्या खात्यावर जमा होते. आपण विचारायला हवे ते असे: मजा नियमांमुळे आली, की नियम असूनही आली? तीन उदाहरणे पाहू.

उदाहरण १ : विचित्र, पण वाईट नाही

‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या अंतराळातील खेळात पात्र तयार होत असतानाच मरू शकते. पात्राची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांत मोजतात आणि प्रत्येक टप्प्यात जगण्यासाठी दोन फासे टाकतात. स्काउट सेवेत सात किंवा जास्त दान लागते. पात्र विशेष काटक नसेल, तर ३६ पैकी १५ शक्यता मरणाच्या, म्हणजे सुमारे ४२ टक्के. नवख्याला हे हास्यास्पद वाटते. पण प्रत्येक टप्प्यात नवी कौशल्येही मिळतात. आणखी एक टप्पा घ्यावा की थांबावे, हा खरा जुगार आहे, आणि धोका खेळाडूला आधीच माहीत असतो. १९८१च्या आवृत्तीत मरणाऐवजी जखमी होऊन नोकरी सोडण्याचा पर्याय दिला गेला. तुम्हाला हा नियम आवडो वा न आवडो, तो जे करायचे ठरवतो ते करतो.

उदाहरण २ : न दिसणारा दोष

‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ (१९९१) मध्ये पात्र जितके कुशल तितके दहा बाजूंचे फासे जास्त. १ पडला की एक यश रद्द होते. यशांपेक्षा १ जास्त पडले तर मोठी फजिती होते. आता सर्वांत अवघड कामाचा हिशेब करा, जेथे फक्त १० पडला तरच यश मिळते. एका फाशावर फजितीची शक्यता १० टक्के, दोन फाशांवर १७ टक्के, तीन फाशांवर २२ टक्के. यशाची शक्यताही तेवढीच वाढते हे खरे. तरी अर्थ असा निघतो की तरबेज माणूस नवशिक्यापेक्षा जास्त वेळा तोंडघशी पडतो. कथेत असे म्हणायचे नव्हते; हे गणिताने परस्पर म्हटले. ज्या गटाने हा हिशेब केलेला नाही तो दुरुस्ती करणार कशी? ‘टेबलावर सगळे सुधारता येते’ हे दोष दिसला तरच खरे.

उदाहरण ३ : नियमाची भूमिका

‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८च्या खेळाडू-पुस्तकात पुरुष मानवी योद्ध्याचे बळ १८/०० पर्यंत जाऊ शकते, स्त्री योद्धीचे १८/५० पर्यंतच. ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि जादू चालते, तेथे ही मर्यादा मात्र वास्तवाच्या नावाखाली आली. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती नाही. ‘आम्ही तो नियम कधी पाळलाच नाही’ असे कोणी म्हणेल. पण नियम बाजूला सारावा लागला, हीच तो वाईट असल्याची साक्ष आहे. शिवाय बाजूला सारण्याची विनंती कोणाला करावी लागली असेल, याचाही विचार करा: बहुधा टेबलावरच्या एकट्या मुलीला.

निष्कर्ष

तर खेळ वाईट असू शकतो. एखादी संध्याकाळ छान गेली म्हणून तो निर्दोष ठरत नाही आणि एखादा नियम विचित्र आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. परीक्षण करताना तीन प्रश्न विचारा. नियम जे करू पाहतो ते करतो का? त्याची किंमत खेळाडूला आधी कळते का? आणि दुरुस्तीचा भार कोणावर पडतो?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मुरलेला गट वाईट पुस्तकही निभावून नेतो. पण तुमच्या वसतिगृहातील पाच मित्रांनी पहिल्यांदाच पुस्तक उघडले आणि खेळ फसला, तर ते पुस्तकाला दोष देणार नाहीत. ‘आपल्याला हे जमत नाही’ असे म्हणून ते उठून जातील. ‘वाईट खेळ नसतोच’ हे वाक्य उदार वाटते, पण त्याचा भुर्दंड नवख्यांना बसतो. ज्याला वाईट म्हणायची सोय नाही, त्याला चांगले म्हणण्यालाही अर्थ उरत नाही.

स्वाध्याय

तुम्ही खेळलेला कोणताही खेळ घ्या. पत्ते किंवा कॅरमही चालेल. तुमच्या गटाने त्यात बदललेला एक नियम लिहा. मूळ नियमात कोणता दोष होता आणि तो प्रथम कोणाला जाणवला, ते दहा ओळींत सांगा.