फोनला बटणं हवीत का?

सेमिनारमधल्या नोट्स भराभर टिपता याव्यात म्हणून बटणांचा कीबोर्ड असलेला स्मार्टफोन घ्यावा, असं अनेकांना वाटतं. पण ‘भराभर’ हा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३७ हजारांहून जास्त लोकांचं मोबाइलवरचं टायपिंग मोजलं. सरासरी वेग निघाला मिनिटाला सुमारे ३६ शब्द. दोन अंगठे वापरणारे जास्त वेगवान होते. आता, बटणांच्या फोनशी तुलना हा त्याचा विषय नव्हता, त्यामुळे ‘बटणं निरुपयोगी’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. एवढंच कळतं, की काचेवरचा वेग वाटतो तितका वाईट नाही.

बटणांपायी काय जातं, ते मात्र स्पष्ट दिसतं. २०१८च्या ब्लॅकबेरी की-टूचा स्क्रीन ४.५ इंचांचा. दोन कॉलमचा पेपर त्यावर वाचून बघा! शिवाय अँड्रॉइड ८च्या पुढे तो गेलाच नाही.

बोटाखाली बटण जाणवतं, हे सुख खरं. त्यासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या. वेगच हवा असेल, तर आहे त्या फोनला साधा ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. दहाही बोटं कामाला लागतील.