'इन्स्टॉल' फंक्शनमधील मेमरी गळती : एका पाठ्यपुस्तकाचे परीक्षण

ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ साली निघाली. थोडक्यात आणि नेमका कोड कसा लिहावा, हे आजही त्यातून शिकावे. मात्र घेतलेली मेमरी परत करण्याची सवय त्यातून लागते का, हे तपासायला हवे.

सहाव्या प्रकरणातील 'इन्स्टॉल' हे फंक्शन नाव आणि त्याची व्याख्या तक्त्यात नोंदवते. नाव नवीन असेल तर आधी मॅलॉकने नोडसाठी जागा घेतली जाते, मग स्ट्रडपने नावाची प्रत केली जाते. दोन्हींपैकी एक जरी फसले, तर फंक्शन नल परत करते. आता समजा, नोड मिळाला, पण नावाच्या प्रतीला जागा उरली नाही. फंक्शन संपते आणि नोडचा पत्ता ठेवणारा स्थानिक पॉइंटरही जातो. ती जागा आता वापरता येत नाही आणि फ्रीही करता येत नाही. हीच मेमरी गळती.

नाव आधीपासून तक्त्यात असेल, तर हेच फंक्शन जुनी व्याख्या न विसरता फ्री करते. म्हणजे लेखकांना जबाबदारीचे भान आहे. ते सुटते अपयशाच्या वाटेवर. नाव काढून टाकणारे 'अनडेफ' तर वाचकाला स्वाध्याय म्हणून दिले आहे. जागा घेणे धड्यात आणि परत करणे स्वाध्यायात, हा क्रम विद्यार्थ्याच्या मनात घर करतो.

छोटा प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी मेमरी परत घेते, हा बचाव खरा आहे. पण सतत चालणाऱ्या सर्व्हरला तो लागू पडत नाही. शिवाय ही गळती मेमरी आधीच अपुरी असतानाच होते. व्हॅलग्रिंडसारखे साधन प्रत्यक्ष चाललेली वाटच तपासते, आणि प्रयोगशाळेत मॅलॉक सहसा फसत नाही. त्यामुळे हा दोष नजरेआड राहतो.

उपाय एका ओळीचा आहे : नल परत करण्यापूर्वी नोड फ्री करणे. फ्रीला नल दिला तरी काही बिघडत नाही, म्हणून ती ओळ दोन्ही अपयशांना पुरते.

प्रत्येक रिटर्नपाशी थांबून विचारा : या क्षणी कोणती जागा माझ्या ताब्यात आहे आणि ती मी कोणाकडे सोपवतो आहे? मग 'अनडेफ' लिहा. आधी नोड साखळीतून सोडवा, नंतर नाव आणि व्याख्या फ्री करा, आणि नोड सर्वांत शेवटी.