पराभूताचे असुररूप

'सामुराई शोडाउन' (१९९३) या जपानी द्वंद्वयुद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये अठराव्या शतकातील योद्ध्यांसमोर अखेरचा शत्रू म्हणून उभा राहतो तो आमाकुसा शिरो. इतिहासातील शिरो हा १६३७-३८ च्या शिमाबारा बंडाचा कोवळा नेता; जबर कर आणि ख्रिस्ती धर्मीयांचा छळ ही त्या बंडाची कारणे. हारा किल्ला पडला, शिरो मारला गेला. खेळात तो मृत्यूतून परतलेला दुष्ट मांत्रिक होतो. यामादा फुतारो यांच्या साठच्या दशकातील 'माकाई तेन्शो' या कादंबरीने त्याला आधीच असे रूप दिले होते. तलवारी-पोशाखांच्या तपशिलाचे कौतुक होते, ते योग्यच. पण करभाराने पिचलेला शेतकरी या पटावर कोठेच नाही. चामुंडी टेकडीवरील खड्गधारी महिषासुर नित्य पाहणाऱ्या म्हैसूरकरास ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. अर्थात महिष पुराणातला, शिरो इतिहासातला.