तेरड्याचा रंग मोजताना

चार शब्द, आणि त्यात क्रियापद नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस.’ टिकतो, राहतो की उडतो, ते ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. लहानपणी ही म्हण घरात इतक्यांदा कानावर पडली, की तेरडा हे फूल आहे हे कळायच्या आधी तो एक दोष आहे हे मला कळलं होतं. कुणाचा मुलगा तबला शिकायला लागला, कुणी पहाटे फिरायला जायचा नेम धरला, कुणाचं नवंनवं जमलं, की स्वयंपाकघरातून कुणीतरी ही म्हण टाकायचं आणि विषय मिटायचा. वर पुरावा मागायची सोय नसे.

म्हण कानाला गोड लागते ती तिच्या बांधणीमुळे. सुरुवातीला ‘ते’, मध्यावर ‘ती’. तेरड्यातला ‘र’ पुढच्याच पावलाला रंगात उतरतो. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही हिची थोरली बहीण. तिथेही आकडा कानाने ठरवलेला आहे. नव्याला नऊच शोभतात, आठ म्हटलं की म्हण कोसळते. तेरड्याला पाच दिवस दिले असते तर फुलाचं काही बिघडलं नसतं, म्हणीचं बिघडलं असतं. ‘पळसाला पानं तीन’ मधले तीन मात्र मोजून घेतलेले आहेत, कारण पळसाचं पान असतंच त्रिदल. म्हणजे एक तीन डोळ्याचे आणि एक तीन कानाचे, असा माझा समज. तो पडताळायला म्हणून गेल्या पावसाळ्यात मी गॅलरीतल्या तेरड्याला दोरे बांधले.

बी आत्याने दिलेलं. रत्नागिरीकडे तिच्या परसात तेरडा कुणी लावत नाही, तो येतो. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर मात्र त्याला यायला सांगावं लागतं. मृगाचा पहिला पाऊस झाला की पोयट्याची माती, चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू असं कुंडीत भरायचं. मोहरीहून जरा मोठं, तपकिरी, गोल बी वर ठेवून बोटाने नुसतं दाबायचं. खोल पुरलं तर रुसतं. उबदार हवेत आठवड्याभरात कोंब दिसतात. फार दाट उगवले तर विरळणी करावी लागते आणि तिथे माझा हात दरवर्षी अडतो. कारण तेरड्याचं रोप वीतभरही नसताना आपला रंग सांगून टाकतं. पांढऱ्या फुलाच्या रोपाची दांडी फिकी हिरवी असते, लाल-जांभळ्या फुलाच्या रोपाची दांडी तांबूस. कळी धरायला अजून महिना-दीड महिना असतो, पण रंग देठात येऊन बसलेला असतो. म्हणीतल्या तीन दिवसांत हे दिवस कुणी धरलेले नाहीत.

त्या दांडीबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. ती जाड, रसाळ, काचेसारखी अर्धपारदर्शक असते, पेरापेराला फुगलेली. शाळेत लाल शाईच्या पाण्यात रोप उभं करून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी खोडातून वर चढलेल्या लाल रेषा आम्हाला दाखवल्या होत्या, ते रोप तेरड्याचंच होतं. पाणी झाडात कुठून चढतं ते उघड्या डोळ्यांनी दाखवणारं यापेक्षा सोपं रोप आपल्याकडे क्वचितच असेल. या रसाळपणाची किंमतही आहे. दुपारी ऊन तापलं की पानं अशी लोंबतात, की नवखा माणूस घाबरून तांब्याभर पाणी ओततो. मीही ओतायचे. मग बुंधा मऊ पडून काळा व्हायचा, कुजायचा, आणि रोप एका रात्रीत आडवं. हळूहळू कळलं की आधी माती चाचपायची. आत ओल असेल तर काही करायचं नाही, उन्हं उतरली की पानं आपणहून सावरतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर हे नाटकही निम्म्याने कमी होतं.

शेंडा खुडावा की नाही यावर बागवाल्यांत दोन मतं आहेत. मी खुडत नाही. तेरड्याचं फूल शेंड्याला तुरा धरून बसत नाही, ते पानाच्या बेचक्यात, मधल्या खोडाला धरून येतं. बरंचसं पानाखाली झाकलेलं असतं. वरून बघणाऱ्याला हिरवंच दिसतं, वाकून बघणाऱ्याला खालपासून वरपर्यंत रंगाची माळ दिसते. बाजारात मिळणाऱ्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती गुलाबासारख्या भरगच्च असतात, पण मला त्या आवडत नाहीत. एकेरी फुलाला मागे एक बारीक वाकडी शेपटी असते, मधाची नळी, आणि तिच्यामुळे फूल उडायच्या बेतात असलेल्या पाखरासारखं दिसतं. दुहेरीच्या गर्दीत ती कुणाच्या लक्षात येत नाही.

श्रावणात एक अळी येते, काळी, अंगाच्या कडेने पिवळ्या-केशरी डोळ्यांसारखे ठिपके, आणि शेपटीला एक शिंग. चालताना ते शिंग पुढेमागे हलवते. पतंगाचं पिल्लू आहे ते, तेरडा त्याचं आवडतं अन्न. एक अळी दोन दिवसांत अर्धं रोप फस्त करते. औषध मारायची गरज नाही, बोटाने उचलून दुसरीकडे ठेवता येते. मी एक रोप तिला देऊन टाकते आणि बाकीच्यांवर नजर ठेवते. पाऊस ओसरला की पानांवर भुरी धरते, पांढरी, पिठासारखी. तोवर मोसम संपत आलेला असतो, म्हणून तिच्याशी मी भांडत नाही.

तर दोरे. सात फुलांना सात रंगीत दोरे बांधले आणि वहीत तारखा लिहिल्या. पहिल्या दिवशी उमललेल्या फुलाच्या छताला एक फिकट टोपी दिसते, एकमेकांना चिकटलेले पुंकेसर. मधमाशी आत शिरते तेव्हा तिच्या पाठीला पराग लागतात. पुढे कधीतरी ही टोपी सबंध गळून पडते आणि खाली झाकलेलं हिरवं टोक उघडं होतं, आता ते पराग घेऊ शकतं. म्हणजे फूल आधी नर, मग मादी, आणि एवढा संसार तीन-चार दिवसांत उरकतं. माझ्या सातातली पाच फुलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळली. म्हण अगदीच कानाने मोजलेली नव्हती.

पण वहीत मी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. गळलेलं फूल उचलून पाहिलं तेव्हा त्याचा रंग जसाच्या तसा होता. जास्वंद मिटून चुरगळते, मोगरा तपकिरी पडतो. तेरड्याची पाकळी ताजी, टवटवीत असतानाच सुटून खाली येते. कुंडीभोवती सकाळी जो गुलाबी सडा असतो तो कोमेजलेल्या फुलांचा नसतो. म्हणीने काळ बरोबर धरला, पण रंग उडतो असं ज्यांनी मनाने भरलं त्यांनी फूल हातात घेतलं नव्हतं. आणि एक गळतं तेव्हा वरच्या पेरावर दुसरं उमलतं, हे पार भाद्रपद उलटेपर्यंत चालू राहतं. हा हिशेब ‘नवं जमलं’ म्हणून टोमणे मारणाऱ्यांनी कधी मांडला नाही.

तीन दिवसांचा आणखी एक हिशेब कोकणात घरोघर असतो. काही घरांत गौर मुखवट्याची, काही घरांत खड्यांची, आणि आत्याकडे तेरड्याची. रोपं मुळासकट उपटून आणायची, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. पावलं मुळांची आणि परतीचं नक्षत्र मूळ. हा योगायोग आत्याला सांगितला तर ती म्हणाली, “तुला बरं सुचतं गो, पुण्यात बसून.” म्हणीतले तीन दिवस गौरीचे आहेत असा माझा दावा नाही. एवढंच वाटतं, की ज्या बायकांच्या तोंडी ही म्हण होती त्यांनी दरवर्षी तेरड्याला दारातून आत येताना पाहिलं होतं आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडलं होतं. त्यांच्या तोंडून ‘तीन दिवस’ ऐकताना टोमण्याखाली माहेरवाशिणीच्या मुक्कामाची लांबीही ऐकू येते. आणि गौरीसाठी हेच रोप का, याचं उत्तर मला विरळणी करताना मिळालं. तेरड्याची मुळं उथळ असतात, ओल्या मातीतून एका ओढीत सबंध निघतात, एकही तुटत नाही. पावलं अधू असून कसं चालेल!

कार्ल लिनियसला पाकळीशी घेणं नव्हतं. १७५३ साली त्याने या कुळाला ‘इम्पेशन्स’, म्हणजे उतावीळ, असं नाव दिलं ते शेंगेवरून. टोकाला निमुळती, लवदार हिरवी शेंग पिकून पिवळट झाली की बोट लागायचा अवकाश, पाच पाळी आत गुंडाळतात आणि बी दूर भिरकावलं जातं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. बी धरायचं तर शेंग पूर्ण पिकायच्या आधी तिला मलमलीची पुरचुंडी बांधावी लागते. मी एक-दोन विसरतेच. यंदा तेरडा शेजारच्या तुळशीत उगवला आहे, आणि एक खालच्या मजल्याच्या पन्हाळीत. कास पठारावर भाद्रपदात जी गुलाबी चादर दिसते तीही या कुळातल्याच एका जंगली भावंडाची, आणि तिथे पुरचुंडी बांधायला कुणी नसतं.

पूर्व आशियात गेलेल्या तेरड्याची गोष्ट मात्र मला म्हणीइतकीच आवडते. कोरियात त्याला बोंगसुंगा म्हणतात. उन्हाळ्यात मुली त्याची फुलं आणि पानं तुरटीबरोबर कुटतात, लगदा नखांवर ठेवून रात्रभर बांधतात, सकाळी नखं केशरी झालेली असतात. पहिला बर्फ पडेपर्यंत तो रंग नखावर राहिला तर पहिलं प्रेम सफळ होतं, असा तिथला समज आहे. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असतं, लॉसोन, तेच तेरड्यातही असतं. आपल्याकडे त्याला गुलमेंदी म्हणतात ते उगाच नव्हे. म्हणजे एकाच रोपाला एका भाषेने चंचलपणाचं उदाहरण केलं आणि दुसरीने एकनिष्ठेची परीक्षा. आपण पाकळीकडे पाहत बसलो, त्यांनी रंग बोटावर घेतला.

गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी मी उरलेल्या फुलांचा चमचाभर लगदा केला, चिमूटभर तुरटी घातली आणि डाव्या करंगळीला चिंधी बांधून झोपले. सकाळी नख फिकट केशरी होतं, कडेची कातडीही. कातडीचा रंग आठ-दहा दिवसांत गेला. नखाचा गेला नाही, तो नखाबरोबर पुढे सरकत राहिला. दिवाळीत तो निम्म्यावर आला होता. मार्गशीर्षात टोकाला एक बारीक कोर उरली. पुण्यात बर्फ पडायचा प्रश्नच नव्हता. नखं वाढली होती, कापायला बसले, आणि नऊ बोटांची कापली.