रकाने कोण भरतो?

कामापेक्षा कामाचा अहवाल जड, ही तक्रार शिक्षकांना नवी नाही. गंमत अशी की संगणकक्षेत्रातली नावाजलेली माणसेही तीच तक्रार करतात. गूगल कंपनी जगभरातल्या काही निवडक तंत्रज्ञांना ‘डेव्हलपर एक्स्पर्ट’ म्हणून मान्यता देते. ते कंपनीचे नोकर नसतात. व्याख्याने देणे, कार्यशाळा घेणे, लेख लिहिणे, नवोदितांना मार्गदर्शन करणे अशी कामे ही मंडळी आपापल्या वेळात करतात आणि केलेल्या कामांची नोंद ‘अ‍ॅडव्होकू’ नावाच्या संगणकीय नोंदवहीत करतात. मायक्रोसॉफ्टचा ‘एमव्हीपी’ हाही १९९३ पासून चालत आलेला असाच एक मान. त्याचे दरवर्षी नूतनीकरण होते, आणि त्या वेळी मागच्या वर्षभरातले उपक्रम पाहिले जातात. म्हणजे नोंद नाही, तर काम झालेच नाही!

आता काही तंत्रज्ञांनी यावर तोड काढली आहे. एआय सहायकच या नोंदवहीला जोडून टाकायचा. “परवा एका महाविद्यालयात तासाभराचे व्याख्यान झाले, ऐंशी मुले होती,” एवढे त्याला सांगितले की सगळे रकाने भरून नोंद जागेवर जाऊन बसते. कल्पना चांगली आहे. मात्र तिच्यात एक खोट आहे, आणि ती कळण्यासाठी ही जोडणी चालते कशी हे आधी पाहावे लागेल.

भाषेवर चालणारा एआय सहायक मुळात फक्त मजकूर तयार करतो. बाहेरच्या नोंदवहीत काही लिहायचे, तर मध्ये एक दुभाषा लागतो. पूर्वी प्रत्येक सहायकासाठी आणि प्रत्येक साधनासाठी हा दुभाषा वेगळा लिहावा लागे. सहायक पाच आणि साधने वीस असतील, तर दुभाषे शंभर. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, ही खुली नियमावली प्रसिद्ध केली. सर्वांनी बोलण्याची एकच रीत पाळली की प्रत्येकाला आपल्यापुरती एकच जोडणी पुरते. शंभराच्या जागी पंचवीस. गुणाकाराची बेरीज झाली. पुढच्याच वर्षी ओपनएआय आणि गूगल या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही ही रीत उचलली, यावरून तिची उपयुक्तता दिसते.

दुभाषा सहायकाला तीन गोष्टी सांगतो: साधनाचे नाव, ते कशासाठी आहे याचे साध्या वाक्यांतले वर्णन, आणि रकान्यांचा तक्ता. कोणत्या रकान्यात तारीख हवी, कोणत्यात पूर्णांक, कोणत्यात मजकूर, आणि कोणते रकाने सक्तीचे, हे सगळे त्या तक्त्यात असते. सहायक तो वाचतो, आपल्या बोलण्यातून नेमके तपशील उचलतो आणि भरलेला तक्ता परत देतो. दुभाषा तो नोंदवहीकडे पोचवतो. नोंदवहीची किल्ली दुभाष्याकडेच राहते, सहायकाच्या हाती द्यावी लागत नाही. रचना म्हणून हे सुबक आहे, आणि बारावीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल इतके सोपे आहे.

आता समजा, व्याख्यानाला किती मुले होती हे सांगायचे राहून गेले आणि तो रकाना सक्तीचा आहे. आपण स्वतः लिहीत असतो, तर पेन तिथे थबकले असते. भाषेचे प्रतिमान मात्र पुढे काय शोभेल याच्या अंदाजावर चालते. महाविद्यालय, सभागृह, तासाभराचे व्याख्यान, या शब्दांशेजारी १०० हा आकडा छान शोभतो. चांगला सहायक बहुधा उलट प्रश्न विचारेल, पण विचारेलच अशी हमी नाही. तक्त्याची तपासणीही इथे कामाला येत नाही. रकान्यात पूर्णांक आहे की नाही एवढेच ती पाहते; ८० आणि ८०० हे तिच्या दृष्टीने सारखेच पूर्णांक.

यावर कोणी म्हणेल, माणसे काय कमी आकडे रचतात? रचतात, आणि शाळेतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. पण रचणाऱ्याला आपण रचतो आहोत हे ठाऊक असते. इथे ते कोणालाच ठाऊक नसते. सहायकाला शोभणारा आकडा आणि खरा आकडा यांतला भेद आतून जाणवत नाही, आणि सांगणाऱ्याला वाटते की आपण बोललो तेवढेच लिहिले गेले. खोटे बोलणारा कोणीच नाही, तरी नोंद खोटी. माझ्या मते या जोडणीतली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे.

साधन वापरण्यापूर्वी माणसाला ते नाकारण्याची संधी असावी, असे एमसीपीची नियमावली सांगते. पण तिथे शब्द ‘असावी’ असा आहे, ‘असलीच पाहिजे’ असा नाही. शिवाय पहिली नोंद आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, विसावी नुसती मंजूर करतो. वर्षअखेरीस गठ्ठ्याने सह्या केलेल्यांना हे पटेल.

दुसरा मुद्दा जोडणीपेक्षा नोंदवहीचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले होते की एखाद्या मापावर निर्णय अवलंबून राहू लागले की ते माप बिघडते आणि ज्याचे मोजमाप चालले आहे ते कामही वाकडे होते. परीक्षेतले गुण हेच शिकवण्याचे ध्येय झाले की काय होते, याचे उदाहरण त्यांनीही घेतले होते. नोंद करणे कंटाळवाणे होते तोवर त्या कंटाळ्याचीच एक चाळणी होती. किरकोळ गोष्टी लिहायचा लोक आळस करीत. ती चाळणी गेली की नोंदी वाढतील, काम वाढेलच असे नाही. आणि एखाद्या अडलेल्या मुलाशी दूरध्वनीवर घातलेल्या तासाला पूर्वी नीट बसेल असा रकाना नव्हता, तो आताही नाही.

म्हणून ही जोडणी टाकाऊ ठरवावी असे मला वाटत नाही. टंकण्याचे कष्ट वाचलेच पाहिजेत. सुधारणेची जागा दुभाष्याच्या त्या साध्या वाक्यांतल्या वर्णनात आहे. सहायक ते वाचूनच वागतो, त्यामुळे “संख्या सांगितली नसेल तर विचार, अंदाज करू नकोस,” हे एक वाक्य तिथे घालायला खर्च काही नाही. पोचवण्याआधी सांगितलेले तपशील आणि सहायकाने जोडलेले तपशील वेगळ्या रंगांत दाखवता येतील. संख्येशेजारी ‘मोजली’ की ‘अदमासे’ असा छोटा रकाना ठेवता येईल. फक्त ‘माहीत नाही’ हे उत्तर चालवून घ्यायचे की नाही, ते दुभाषा लिहिणाऱ्याच्या हाती नाही. तो रकाना सक्तीचा कोणी केला, त्यालाच ते ठरवावे लागेल.