जुन्या भाडेकरूची सावली

राजिंदरसिंग बेदी यांची ‘नक़्ले-मकानी’ ही नभोनाटिका १९४६ च्या ‘सात खेल’ या उर्दू संग्रहात आली. तिचाच विस्तार करून त्यांनी १९७० मध्ये ‘दस्तक’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. हमीद आणि सलमा हे नवविवाहित जोडपे मुंबईत नव्या जागेत राहावयास येते. तेथे पूर्वी मुजरा करणारी स्त्री राहत असे, आणि तिची गिऱ्हाइके रात्री दार ठोठावतात. वास्तूची अपकीर्ती माणसांना चिकटते, एवढाच आशय यातून काढणे अपुरे ठरेल. सलमा गाते, पण तिच्या गळ्यातील स्वर त्या भिंतींत बाजारू ठरतो. संसाराचा आरंभ ज्या एकांतावर व्हावयाचा, तोच त्यांना लाभत नाही. आणि घर बदलावे, तर कारकुनाच्या पगारात मुंबईत दुसरी जागा कोठून मिळावी?

मूळ नाटिकेचे सामर्थ्य मात्र चित्रपटाला पूर्णतः गवसलेले नाही. नभोवाणीवर टकटक केवळ ऐकू येते, दारापलीकडचा माणूस श्रोत्याच्या मनातच आकार घेतो. पडद्यावर त्याला चेहरा द्यावा लागतो आणि भय काहीसे उणावते. सलमाच्या कोंडलेल्या गाण्यापाशी मात्र, मदनमोहन यांच्या संगीतामुळे, चित्रपट नाटिकेच्या पुढे जातो.